धोटा उपाहारगृह, दुपारी साडेतीन

वीस रुपयांचं तिकीट काढून
नायना गिरणीत आले.
पूर्वी पाच मिनिटं उशीर झाला
की याच फाटकातून परत जावं लागायचं,
दिवसाचा पगार बाहेर ठेवून.
आता फाटकाशी एक मुलगी, संगणकासमोर.
तिने विचारलं, "ज्येष्ठ नागरिक?"
नायनांनी तिच्या ओठांकडे बघून
मान हलवली.

ऐकू येत नाही त्यांना.
अठ्ठावीस वर्षं चार-चार माग चालवले
की कान आधी जातात,
आणि तोंडं वाचायची सवय तेवढी उरते.
शेडमध्ये सगळेच तसे बोलायचे,
आवाज न काढता, ओठ मोठे करून:
शिव्या, उसनवारी, पोरींची स्थळं,
युनियनच्या बैठकीची वेळ.
मुकादम पाठमोरा असला तर मुकादमाबद्दल.

काचेच्या कपाटात धोटा.
'लाकूड, पितळ. स्पर्श करू नये.'
नायना वाकले, चष्मा कपाळावर चढवला.
"डोळा भिंतीकडं केलाय बे,
सूत कुठनं काढणार?"
हळूच म्हणाले,
बहिऱ्या माणसाचं हळू असतं तेवढं हळू.
दुसऱ्या दालनातले दोघं वळून बघू लागले.

उपाहारगृहात एसी. बाहेर बेचाळीस.
'दुपारचा चहा आणि केक, एकशे चाळीस.'
नायनांनी आकडा दोनदा वाचला,
मग मेनूकार्ड पालथं ठेवलं,
पत्त्याचं पान ठेवतात तसं.

मल्लिनाथ असं छातीवर लिहिलेला मुलगा
दोन कप घेऊन आला, बिनकानाचे.
बशी नव्हतीच.
तो आत जाऊन विचारून आला,
"काका, केकची बशी चालेल का?"
चालली.

बशीतून चहा ओढायचा तो आवाज
मला लहानपणापासून पाठ आहे.
धोट्याच्या डोळ्यातून सूत बाहेर काढताना
असाच ओढायचा श्वास, तोंड लावून,
दिवसातून दोन-अडीचशे वेळा.
सुताबरोबर कापूसही जायचा आत.
"एक गादी भरंल," म्हणायचे,
पोटावर हात ठेवून,
आणि आई विडीच्या सुपावरून
मान वर न करता म्हणायची, "उशीसकट."

केक संत्र्याचा. वर पिठीसाखर.
नायनांनी ती आधी फुंकली.

मग पलीकडच्या टेबलाकडे बघून मला म्हणाले,
"ती निळी पोरगी पुण्याला जायचं नाय म्हणतीय.
तो म्हणतोय, आधी केक खा."
"नायना, असं बघू नये लोकांकडे."
"मी कुठं बघतोय," म्हणाले,
"ऐकतोय."

निळ्या पोरीने केक खाल्ला नाही.
तिचं उत्तर मलाही कळलं,
त्याला वाचता यायची गरज नव्हती.

खिडकीबाहेर, दोन नंबरच्या शेडच्या जागी,
हिरवळ आहे. मधोमध फवारा,
टक-टक-टक करत अर्ध्या वर्तुळात जातो
आणि सर्रकन परत येतो.
काचेमुळे तो आवाज मलाही येत नव्हता.
नायना बघत राहिले,
हातात चमचा, चमच्यावर केक.
मग त्यांचे ओठ हलले, आवाजाशिवाय.
एकच शब्द.

माग.
किंवा बाग.

घरात आम्ही तेलुगू बोलतो,
पण गिरणीचं ते नेहमी मराठीतच बोलतात.
आणि ओठांवर म आणि ब सारखेच दिसतात,
हे त्यांनीच शिकवलेलं,
मी चौथीत असताना, दिवे गेलेल्या रात्री,
बॅटरी स्वतःच्या तोंडावर धरून.
"फरक वाक्यावरनं वळकायचा," म्हणाले होते.
इथे वाक्यच नव्हतं.

मी विचारलं, "काय म्हणालात?"
पण माझं तोंड केकने भरलेलं,
आणि भरल्या तोंडाचं त्यांना काहीच ऐकू येत नाही.

त्यांनी माझ्याकडे बघितलं, वाट पाहिली,
बशी पुसावी तसा बोटाने
कडेचा चहा गोळा केला.

"गिळ आधी," म्हणाले.